कुलूप ओढून बघताना

आमच्याकडे चाबी म्हणतात.
किल्ली हा शब्द फक्त शाळेच्या पुस्तकात होता.
इतवारीत, तीन नल चौकाच्या अलीकडे,
दोन कापड दुकानांच्या मधल्या फटीत
मोठेबाबांचं स्टूल, शिकंजा, तीन कानशी,
आणि भिंतभर खिळ्यांना लोंबणाऱ्या
अजून दात न आलेल्या चाब्या.

सीताबर्डीचा किल्ला वर्षातून दोन-तीनदाच उघडतो.
सव्वीस जानेवारीला मला खांद्यावर घेऊन
ते रांगेत उभे राहत.
लोक वर जाऊन शहर बघत, आपापलं घर शोधत,
आणि हे फाटकापाशीच अडलेले,
कुलपासमोर.
"एखादी रात्र आत झोपू द्याले काय होते बे तुमाले?"
शिपाई हसला होता, म्हणाला, चला काका, पुढे चला.

ते मी लिमरिकपर्यंत नेलं.
रात्रपाळीत, पेशंट झोपल्यावर,
जास्तीच्या तासांचे पैसे मोजताना
ते फाटक मला दिसायचं.

मोठीआई गेल्यावर घर पहिल्यांदाच बंद झालं.
मी न्यायला आले होते. सांगितलं एवढंच
की माझी खोली बघायला चला.
त्यांनी कुलूप लावलं, ओढून बघितलं,
ऑटोपर्यंत आले,
परत गेले, ओढून बघितलं.
सोनेगावला विमानतळाच्या दारात म्हणाले,
"मी ओढलं होतं ना वं, पोरी?"

तिकडे चौथ्या दिवशी शेवटची बस चुकली असं खोटं सांगून
मी टॅक्सी आडवाटेला वळवली.
धुक्यातून आधी एक बुरूज आला,
मग वेलींखाली गेलेली भिंत,
मग दार.
मी म्हटलं, आज इथं झोपायचं, किल्ल्यात.
ते गाडीतून उतरेचनात.
"बाप्पा," शेवटी म्हणाले,
"इथं आपल्याले कोण झोपू देईन?"

काउंटरवरच्या मुलीनं त्यांच्या हातात ठेवलं
प्लास्टिकचं एक कार्ड.
त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं,
अंगठ्यानं कडा चाचपल्या, चारही,
दात शोधत.
पंगतीत वाढपी आपलं पान सोडून पुढे जावा
तसा चेहरा.

पलंगाला चार खांब होते. भिंतीवर हरणाचं डोकं.
टॉवेल गरम ठेवायला न्हाणीत पितळी नळ्या.
ते सगळ्याला छान म्हणाले,
दवाखान्यातलं जेवण छान असतं तसं.
मग दाराकडे बघत बसले.
ओढून बघावं असं त्याला काहीच नव्हतं.

दीड वाजता मला जाग आली. त्यांचा पलंग रिकामा.
स्वेटर घालून, जिना उतरून, अर्ध्या वाटेत थांबले.
खाली मोठ्या दारापाशी
एक म्हातारा पहारेकरी टॉर्च धरून,
आणि मोठेबाबा गुडघ्यांवर,
मफलर डोक्याला, डोळा कुलपाच्या भोकाला.
लोखंडी कुलूप, कणकेच्या परातीएवढं.
एकाला दुसऱ्याचा शब्द कळत नव्हता.
मोठेबाबांनी चार बोटं दाखवली. आतले लिव्हर.
म्हाताऱ्यानं मान हलवली, पाच दाखवली.
मोठेबाबांनी पुन्हा चार, जोरात.
वाद चांगलाच रंगला होता.
मी आवाज न करता वर आले.

यंदा सुट्टीत गेले तर ते कार्ड दुकानात,
गोदरेजच्या आणि सायकलच्या चाब्यांच्या मध्ये,
भोक पाडून खिळ्याला टांगलेलं.
एक गिऱ्हाईक विचारत होतं, हे काय काका?
"किल्ली."
कशाची?
"किल्ल्याची," कानस न थांबवता ते म्हणाले.

रात्री शटर खाली ओढलं. कुलूप लावलं,
ओढून बघितलं,
येऊन माझ्या मागे गाडीवर बसले.
मी गाडी सुरू केली नाही.
बसून राहिले, हँडल धरून,
ते उतरेपर्यंत.